उत्तमरावांचे हात

नगरच्या कापड बाजारात उत्तमरावांना तोंडापेक्षा हातांवरून ओळखणारी गिऱ्हाइकं जास्त. सत्तावीस वर्षं हा माणूस एकाच दुकानात, वरच्या मजल्यावर, रेशमी साड्यांच्या पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसत आला. मागे फळ्यांवर पैठण्या, शालू, कांजीवरम. पुढ्यात बायकांची गर्दी. घडी उचलायची, मनगटाला एक हिसका द्यायचा, की अख्खी साडी सळसळत पसरायची आणि पदर बरोबर नवरीच्या गुडघ्याशी जाऊन थांबायचा. बायका किंमत विचारायच्या आधी 'अगं बाई!' म्हणायच्या. ते 'अगं बाई' ऐकायलाच उत्तमराव रोज दुकानात येत होते म्हणा ना. पगार काय, तो टॉवेल विकणाऱ्यालाही मिळतो.

आणि या हिवाळ्यात नेमका त्याच हातांनी दगा दिला.

नगरचा हिवाळा बाहेरच्या माणसाला सांगून कळायचा नाही. थंडीचं एक वेळ चालेल हो, पण हवा कोरडी ठणठणीत. गाल उलतात, ओठ फुटतात, हसायची चोरी होते. उत्तमराव केडगावात राहायचे. सकाळी स्कूटरवरून पुणे रस्त्यानं बाजारात यायचं म्हणजे समोरचा वारा बोटांची सालं काढायचा. त्यात घरी बोअरचं जड पाणी. साबणाला फेस येत नाही म्हणून आणखी साबण घासायचा, थंडी वाजते म्हणून पाणी कढत घ्यायचं. अंगातलं होतं नव्हतं तेल त्यात निघून जायचं. दर वर्षी अंगठ्याच्या कडेला दोन-चार चिरा पडायच्याच, पण यंदा डिसेंबर अर्धा सरायच्या आत दहाही बोटं अशी फुटली की ताटातलं लिंबू पिळायची सोय राहिली नाही.

पहिला धागा सावेडीच्या एका डॉक्टरीणबाईंनी पकडला.

"अहो, हे काय? इथं धागा ओढला गेलाय."

मोतिया रंगाची पैठणी होती. निऱ्यांच्या भागात, काठाच्या वीतभर वर, एक बारीकसा धागा सुटून वर आला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रेशीम चुणलं होतं.

"विणतानाच राहिला असेल बाई," उत्तमराव म्हणाले. "दुसरी दाखवतो."

पण बाईंचं लक्ष साडीवर नव्हतंच. त्या उत्तमरावांच्या अंगठ्याकडे बघत होत्या. "हात किती फुटलेत हो तुमचे," असं म्हणून त्या शेजारी निकिताच्या पुढ्यात जाऊन बसल्या. निकिता म्हणजे गादीवरची नवी मुलगी, जेमतेम चोवीस वर्षांची. उत्तमरावांनीच तिला घडी घालायला शिकवलेली. आणि ज्या बाईंना सत्तावीस वर्षांच्या अनुभवानं साडी दाखवायची, त्या तिच्याकडे! उत्तमरावांना घोटभर कडू प्यायल्यासारखं झालं.

चार दिवसांनी दुसरी साडी गेली. पुढच्या आठवड्यात तिसरी. तिन्ही वेळा त्याच सुमाराला धागा, निऱ्यांच्या भागात. मग रविराजशेठनं त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

रविराजशेठ हा थोरल्या शेठचा मुलगा. थोरले शेठ आता दुकानात येत नाहीत. ते असते तर 'उत्तम, गाढवा, हाताला तेल लाव' म्हणून ओरडले असते आणि विषय तिथंच संपला असता. रविराज पुण्यात शिकून आलेला, तिशीचा, बोलायला साखर. साखरेनंच जास्त भाजतं.

"काका, तीन साड्या सेकंडात, अर्ध्या किमतीला काढाव्या लागल्या," तो म्हणाला. "ऐन लग्नसराई आहे. हातांचं काहीतरी बघा. नाहीतर असं करू, थोडे दिवस खाली बसा. टॉवेल-टोपीला काही ओढलं जात नाही."

थोडे दिवस! उत्तमरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खालच्या मजल्यावर टॉवेल, टोप्या, आहेराची पातळं. 'थोडे दिवस' म्हणून खाली गेलेला माणूस परत जिना चढून आलेला त्यांनी या दुकानात कधी पाहिला नव्हता. वैजनाथ गेला होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत म्हणून. त्याला सात वर्षं झाली. त्याचे डोळे आता उत्तम आहेत आणि तो अजून टोप्याच विकतो.

"चार दिवसांत हात बरे करतो," उत्तमराव म्हणाले आणि बाहेर आले.

मग सुरू झाले उपाय. फुकटचा सल्ला द्यायला नगरमध्ये माणसं कमी नाहीत. चहावाला म्हणाला व्हॅसलिन. औषधाच्या दुकानदारानं ग्लिसरीन दिलं. ते तसंच चिरांवर लावलं तर डोळ्यांतून पाणी. वैजनाथनं जिन्यात गाठून एरंडेल सुचवलं. निकितानं आपल्या पर्समधली गुलाबी ट्यूब पुढं केली.

"काका, हात धुतल्यावर कोरडे खडखडीत नका पुसू. थोडे ओलसर असतानाच क्रीम लावा, मग ते आत जिरतं."

पोरगी बरोबर सांगत होती, पण गादीवर हे जमायचं कसं? उत्तमरावांनी अकराला क्रीम लावलं, साडेअकराला लिंबोणी रंगाच्या रेशमावर त्यांच्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला. गुलाबाच्या वासासकट! तेवढा भाग पावडर टाकून झाकता झाकता त्यांना घाम फुटला. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या आधी ते मोरीत जाऊन साबणानं हात धुवायला लागले. दिवसातून पंधरा वेळा. जितकं धुवावं तितके हात आणखी फुटायचे, जितके फुटायचे तितकी धास्ती वाढायची, आणि धास्ती वाढली की पुन्हा मोरी. लावावं तर डाग, न लावावं तर धागा. माणसानं करायचं तरी काय? एक दिवस पांढरे हातमोजे घालून बसले, तर घडी हातातून निसटली आणि समोरची एक आगाऊ बाई म्हणाली, "काय हो, ऑपरेशनला घेताय का आम्हाला?"

घरी येऊन उत्तमरावांनी ते हातमोजे कचऱ्यात फेकले. "जळो मेली ही हवा! या गावात माणसानं राहू नये, निवडुंगानं राहावं!"

त्यांची बायको भागिरथी कणीक मळत होती. पाथर्डीकडची बाई, बोलायला मोजकी. तिनं हात धुतले, फळीवरची एक पितळी डबी काढली आणि पुढ्यात ठेवली. आत पिवळसर, मेणासारखा घट्ट लिंबाएवढा गोळा होता.

"कोकमाचं तेल हाय," ती म्हणाली. "पुंजारामनं दिवाळीला आनलंय."

पुंजाराम तिचा भाऊ. टेम्पो घेऊन चिपळूणला जायचा, आणि दर दिवाळीला बहिणीसाठी हा गोळा आणायचा.

"डाग पडेल त्याचा!"

"दिवसा कशाला लावता? झोपताना लावा. सकाळी बेसनानं हात धुवा, साबन बंद. दिवसाबी सारखं मोरीत जाऊ नका, कोरड्या फडक्यानं पुसा. आनि गाडीवर मफलर गुंडाळता तसं हातालाबी काहीतरी गुंडाळा की. तोंडालाच तेवढी थंडी वाजती व्हय?"

सत्तावीस वर्षं साड्यांचा जाणकार म्हणून मिरवलेल्या माणसाला हे एवढं साधं सुचलं नव्हतं. पण ते कबूल कोण करणार? उत्तमरावांनी नुसतं 'हूं' केलं आणि हात पुढं केले. भागिरथीनं गोळ्याचा कपचा पळीत वितळवला, कोमट झाल्यावर एकेका चिरेत बोटानं भरला आणि वरून जुन्या सुती मोज्यांत त्यांचे हात कोंबले. मग दिवा मालवून ती आडवी झाली. कूस वळताना तिची टाच चादरीवर घासली. चर्र.

"पाय तिकडं घे गं," मोज्यातले हात पोटावर ठेवून उत्तमराव वैतागले. "चादर फाडशील."

हे बोलणं दर हिवाळ्याचंच होतं. तिनं पाय तिकडं घेतले.

दोन आठवड्यांत चिरा भरल्या. संक्रांतीला तिळगूळ देताना उत्तमरावांनी हात असे पुढं केले, जणू तिळगुळापेक्षा हातच बघायला लोक आलेत. अंगठ्याची कड मऊ, पेरं मऊ. रेशमावर तळवा फिरवला तर नुसतं पाणी! रोज रात्री पळी, रोज रात्री मोजे. उत्तमराव दुकानात पुन्हा ताठ बसायला लागले आणि निकिताला उगाच दोन गोष्टी जास्त शिकवायला लागले.

आणि त्याच आठवड्यात चौथी साडी गेली. मोरपिशी कांजीवरम. धागा निऱ्यांच्या भागात, काठाच्या वीतभर वर.

आता मात्र उत्तमरावांचं डोकं फिरलं. माझे हात बघा, लोण्यासारखे आहेत! मग धागा ओढतो कोण? गादीवर दुसरं आहे कोण? तडक ते निकिताकडे वळले आणि भर गिऱ्हाइकात म्हणाले, "तुझी नखं आहेत ही! आधीपासून तुझीच असणार. नाव मात्र माझं!"

निकितानं दोन्ही हात पुढं धरले. नखं बुडापर्यंत कापलेली. बोटात अंगठी नाही, हातात बांगडी नाही. रेशमासाठी तिनं काचेच्या बांगड्यासुद्धा सोडल्या होत्या. तिचे डोळे भरून आले.

"तुमच्या तोंडून एवढंच ऐकायचं राहिलं होतं काका," ती म्हणाली.

उत्तमरावांना लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण चुकलो म्हणायला तोंड उघडेना. ते उठून फळीवरच्या घड्या उगाच सारख्या करत बसले.

संध्याकाळी रविराजशेठ वर आला. "काका, परवा पाथर्डीकडचा बस्ता आहे. मनकर्णाबाईंचा. त्या तुमचं नाव घेऊनच येतात, म्हणून तेवढा तुम्ही करा. पण त्या दिवशी एक जरी धागा निघाला, तर मग खाली बसायचं. मला पुन्हा बोलायला लावू नका."

बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एका बैठकीत. नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत. मनकर्णाबाईंच्या तिन्ही लेकींचे शालू उत्तमरावांनीच काढून दिलेले, आणि आता नातीचा, ज्ञानेश्वरीचा नंबर होता. दोन जीप भरून माणसं आली. सकाळी उत्तमरावांनी बेसनानं हात धुतले, दोनदा पुसले. मग दुकानातल्या सगळ्यांसारखे नळाखाली साबणानं पाय धुतले आणि अनवाणी गादीवर चढले. हा नियम थोरल्या शेठच्याही वडिलांचा: गादी म्हणजे लक्ष्मीची जागा, तिथं चप्पल नाही, मोजा नाही, धुतलेला उघडा पाय.

"काय उत्तमराव भाऊ, हायसा का जागेवर?" मनकर्णाबाई समोर फतकल मारून बसल्या. "म्या नातीला म्हनलं, दुसरा कुनी दाखवाया लागला तर उठून यायचं."

"तुमच्यासाठीच बसलोय आजी," उत्तमराव म्हणाले. ते किती खरं आहे हे त्यांचं त्यांना माहीत.

आणि मग काय हात चालले त्यांचे! जांभळा, राणी, आमसुली, शेवाळी; हिसक्यासरशी एकेक साडी उलगडत होती. दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटत होतं. शेवटी डाळिंबी शालू काढला. मनगट हललं, पदर सळसळत गेला आणि ज्ञानेश्वरीच्या गुडघ्याशी थांबला.

"अगं बाई!" नवरी म्हणाली, नवरीची आई म्हणाली, दोन्ही मावश्या म्हणाल्या.

"ह्योच घ्या," मनकर्णाबाईंनी निकाल दिला.

उत्तमरावांचा ऊर भरून आला. जिंकलो, त्यांना वाटलं. त्यांनी ऐटीत शालूचं टोक धरलं आणि घडी घालायला तो मांडीवरून आपल्याकडे ओढून घेतला.

चर्र.

आवाज बारीक होता. पण मनकर्णाबाईंचा हात हवेत थांबला. "थांबा. ह्यो आवाज माज्या वळकीचा हाय." त्या पुढं वाकल्या, शालूचा काठ बाजूला केला आणि एकदम खो-खो हसत सुटल्या. "अवो भाऊ, हात कशाला निरखून बघताय? टाच बघा, टाच! आमच्या घरी रोज रातच्याला गोधडीवर हेच वाजतंय!"

सगळे बघायला लागले. मांडीच्या बाहेर उत्तमरावांची टाच आली होती. भेगाळलेली, करडी, एकेका भेगेत नख जाईल अशी. आणि सगळ्यांत मोठ्या भेगेत डाळिंबी रेशमाचा एक धागा अडकून ताणला गेला होता.

बायका हसत होत्या. वाईट मनानं नाही, पण हसत होत्या. उत्तमराव टाचेकडे बघत राहिले. दीड महिना हातांच्या मागे लागलो, आणि साड्या खात होती ही! रोज साबणानं धुवायची, उघडी वाऱ्यात स्कूटरवर न्यायची, तिच्यावर बसायचं आणि तिच्यावरूनच रेशीम ओढायचं. पोरीला भर दुकानात रडवलं. आणि सत्तावीस वर्षांत एकदाही गुडघ्याखाली बघितलं नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं त्यांना वाटलं.

"मोजं घाला की मग!" मनकर्णाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "त्यात काय एवढं!"

"गादीवर मोजे चालत नाहीत आजी, आजोबांपासूनचा नियम आहे आमचा," रविराजशेठ हसत म्हणाला. मग त्यानं उत्तमरावांच्या खांद्यावर हात ठेवून आवाज खाली आणला. "काका, टाचा बऱ्या होईपर्यंत खाली बसा. दुसरा शालू निकिता काढेल."

उत्तमरावांनी भेगेतून धागा सोडवला. जिना उतरण्याआधी ते निकितापाशी क्षणभर थांबले. "चुकलं माझं," एवढं कसंबसं म्हणाले. तिनं मान हलवली. तिच्या हातात नवी घडी होती. ते अर्ध्या जिन्यात असतील, वरून रेशमाची सळसळ आली आणि पाठोपाठ पाच-सहा बायकांचं 'अगं बाई!' त्यांनीच शिकवला होता तो हिसका. खाली वैजनाथनं टोप्यांचा गठ्ठा बाजूला सरकवून त्यांना जागा करून दिली.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी हेल्मेट कॉटवर आदळलं.

"कोकम कुठंय?"

भागिरथी ओट्याशी उभी राहून भाकरी थापत होती. "काय झालं?"

"टाचा! माझ्या टाचांनी घात केला! मला आत्ताच्या आत्ता पळी तापवून दे. आठ दिवसांत टाचा बऱ्या करतो आणि बघतो कोण मला खाली बसवतं ते!" बोलता बोलता त्यांनी फळीवरची पितळी डबी ओढली, झाकण काढलं. आत काही नव्हतं. कडेला उलथन्यानं खरवडल्याच्या रेघा तेवढ्या होत्या.

"संपलं?"

"काल रातीच संपलं. तुमच्या हाताला शेवटचं लावलं."

"असं कसं संपलं? वर्षभर पुरतं म्हणतेस ना दर वेळी?"

"माज्या एकलीच्या टाचांना पुरतं. तुमची दहा बोटं हुती, रोजच्या रोज."

उत्तमरावांच्या हातातली डबी तशीच राहिली. दर दिवाळीला पुंजाराम हा गोळा कशासाठी आणतो, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांची नजर खाली गेली. ओट्याशी उभ्या बायकोच्या दोन्ही टाचा त्यांच्याकडे होत्या. भेगांत मेणबत्तीचं मेण भरलेलं. डाव्या टाचेला जुन्या पातळाची चिंधी बांधलेली, आणि चिंधीवर रक्ताचा वाळलेला डाग.

"आणि मग तू काय लावलंस एवढे दिवस?"

"मेन भरते की. मला कुठं गादीवर बसायचंय?"

ते खाली बसले आणि त्यांनी तिची टाच हातात धरली. धारदार कडा तळहातात रुतल्या. मऊ झालेल्या हातांना त्या जास्तच लागल्या.

"अगं बाई!" भागिरथी दचकून मागं सरली. "पायाला काय हात लावता? सोडा!"

त्यांनी सोडली नाही. दिवसभराचा सगळा राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. "अगं, पण बोलायचं नाही का तू?" ते जवळजवळ ओरडलेच. "इतकं होईपर्यंत एका शब्दानं बोलायचं नाही?"

भागिरथीनं तव्यावरची भाकरी उलटली.

"बोलले हुते की," ती म्हणाली. "थंडी लागली तवाच बोलले हुते, टाच लई ठनकती म्हनून. तुमी म्हनला, पाय तिकडं घे."